गाय जिथे थबकते, मूल जिथे थबकतं: ऑटिझम, प्राण्यांचं मन आणि या तुलनेची हद्द

रानवाटा (धागाकर्ता)

ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) चर्चेत स्वतः ऑटिस्टिक असलेल्या टेंपल ग्रँडिन यांचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ऑटिस्टिक माणसाला जनावराचं मन लवकर कळतं. दुसरं, म्हणजे ऑटिस्टिक माणूस जनावरासारखाच विचार करतो. पहिल्यात तथ्य आहे, पण मर्यादित. दुसरं चूक आहे आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जातं त्यांना दुखावणारंही आहे. या दोन वाक्यांमधलं अंतर नीट मोजावं म्हणून हा धागा.

ग्रँडिन (जन्म १९४७) कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. १९७० च्या दशकात त्यांनी जे केलं ते सांगायला सोपं आहे. गुरं एकामागोमाग नेण्याच्या ज्या अरुंद गल्लीत ती अडून बसायची तिथे त्या स्वतः उतरल्या, गुराच्या डोळ्यांच्या उंचीला वाकल्या आणि तिथून दिसेल त्याचे फोटो काढले. वरून पाहणाऱ्या गड्याला जनावर 'हट्टी' वाटत होतं. खालून पाहिल्यावर दिसली लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, ओल्या फरशीवरची चकाकी. साखळी काढली की रांग चालू लागे.

मला इथे मोलाची वाटते ती पद्धत. वागणं विचित्र दिसलं की स्वभावाला नाव ठेवण्याआधी त्या जिवाच्या इंद्रियांपर्यंत काय पोहोचतंय ते तपासायचं. जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन युक्स्क्यूल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच मांडलं होतं: प्रत्येक जिवाचं स्वतःचं संवेदनाविश्व असतं. गोचिडीचं उदाहरण त्यांचंच. तिच्या जगात सस्तन प्राण्याच्या कातडीतून येणारा ब्युटिरिक आम्लाचा वास, अंगाची ऊब आणि केसांचा स्पर्श एवढ्याच खुणांना अर्थ असतो.

ऑटिझमच्या बाबतीत संवेदनांचा मुद्दा अधिकृतपणे मान्य व्हायला फार वेळ गेला. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, त्यात मोठे आवाज आणि हलत्या वस्तूंची भीती स्पष्ट नोंदलेली आहे. तरी डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, संवेदनांचा अतिरेक किंवा कमतरता हा निदानाचा स्वतंत्र निकष झाला तो २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत.

जाणकारांनी तपशिलात लिहावं. गुरांबरोबर काम करणाऱ्यांनी, मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी आणि संशोधन वाचणाऱ्यांनीही.

गोठेवाला

गल्ली तपासायची रीत पायरीने देतो. बहुतेक जण ती अर्धवट करतात आणि मग 'आमच्याकडे नाही जमलं' म्हणतात.

गल्ली रिकामी असताना जायचं, पण ज्या वेळी गुरं नेतात त्याच वेळी. सकाळी आठला नसलेली सावली दुपारी चारला फरशीवर आडवी पडलेली असते आणि गाय त्या पट्ट्यापुढे खड्ड्यापुढे थांबावं तशी थांबते. वाकून चालायचं, डोळे गाईच्या डोळ्यांच्या उंचीला. आधी जमीन पाहायची: गटाराची जाळी, डबकं, फरशीचा बदललेला रंग किंवा पोत. मग बाजू, मग समोर. समोर अंधार असेल तर आत एक दिवा लावा, मात्र तो डोळ्यांवर येता कामा नये. गुरं अंधारातून उजेडाकडे राजीखुशीने जातात, लख्ख उन्हातून काळोख्या दारात जात नाहीत. शेवटी उभं राहून फक्त ऐकायचं. हवेचा फुसकारा, पत्र्यावर पत्रा आपटणं, तोंडावर येणारा वारा.

हे का घडतं? गाईचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे तिला ३०० अंशांहून अधिक घेर दिसतो, फक्त शेपटीमागचा पट्टा सुटतो. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा भाग अरुंद, म्हणून खोली जोखायला तिला थांबून मान खाली घालावी लागते. रंगांसाठी तिच्याकडे दोनच प्रकारच्या शंकुपेशी आहेत. गडद-फिकट असा ठळक फरक असेल तिथे ती अडते. ऐकू येण्याची वरची सीमा सुमारे ३५ किलोहर्ट्झ, आपली २०. आपल्याला जाणवतही नाही अशी पंपाची शीळ तिला टोचत असू शकते.

नेमकं कशाला बुजली हे कळायला पुढच्या गाईचं डोकं पाहा. कान आणि डोळे जिकडे रोखलेले असतील तिकडेच कारण असतं. तिला बघू द्या. पहिल्या गाईला डोकं खाली घालून हुंगायला वेळ दिला तर मागच्या आपोआप येतात. मागून रेटलं तर ती वळते, आणि एकदा वळली की अख्खी रांग विसकटते.

हाकणाऱ्याच्या जागेबद्दल: बुजण्याच्या अंतराच्या (माणूस याहून जवळ आला की गुरं हटतात, त्या अंतराच्या) कडेवर राहायचं, फार आत शिरायचं नाही. मोकळ्या रानातल्या गुरांत हे अंतर ५० मीटरपर्यंत असतं, माणसाळलेल्या गाईत जवळपास शून्य. खांदा ही समतोलाची रेषा. खांद्यामागे उभं राहिलं की गाय पुढे जाते, खांद्यापुढे आलं की मागे हटते. गल्लीत गुरांच्या उलट दिशेने, तोंडाकडून शेपटीकडे चालत गेलं तर एकेक गाय पुढे सरकत जाते. गर्दीचा वाडा निम्माच भरायचा, वळायला जागा हवी. पूर्ण भरला की गुरं अडतात आणि मग हातात विजेचा दांडा येतो.

ग्रँडिन यांच्या कामातला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग म्हणजे आकडे. कत्तलखान्यांच्या तपासणीसाठी त्यांनी मोजता येतील असे निकष ठरवले: पहिल्याच प्रयत्नात बेशुद्ध होणारी गुरं किमान ९५ टक्के, हाताळताना हंबरणारी जास्तीत जास्त ३ टक्के, पडणारी जास्तीत जास्त १ टक्का. १९९९ पासून मोठ्या रेस्टॉरंट साखळ्यांनी पुरवठादारांची तपासणी यावर सुरू केली. 'आमच्याकडे गुरांना नीट वागवतात' या वाक्याला यामुळे पुरावा द्यावा लागला.

शांतकोपरा

गोठेवाला, तुमची यादी वाचताना वर्गखोली तपासायची पद्धतच डोळ्यांसमोर आली. क्रम थोडा बदलतो, एवढंच.

मुलाच्या बाबतीत पहिली पायरी खोली नव्हे, शरीर. वागणं अचानक बदललं असेल तर आधी दात, कान, बद्धकोष्ठ, आम्लपित्त, झोप. बोलू न शकणारं मूल दाढ दुखते म्हणून डोकं आपटतं आणि त्याची नोंद 'वर्तनसमस्या' म्हणून होते. ही चूक फार वेळा होते.

शरीर ठीक असेल तर नोंदवही. दोन आठवडे, प्रत्येक प्रसंगाला चार रकाने: वेळ आणि जागा, लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर इतरांनी काय केलं. 'चिडला' असं लिहू नका. 'दोन्ही हात कानांवर, टेबलाखाली, ६ मिनिटं' असं लिहा. दहा-बारा नोंदी झाल्या की जागा किंवा वेळ ओळखू येऊ लागते.

मग खोली. मुलाच्या खुर्चीवर बसा, डोळे त्याच्या उंचीला, निदान १५ मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत आपला मेंदू पंख्याची घरघर गाळून टाकतो, म्हणून बसल्याबरोबर ऐकू येणारे आवाज लगेच लिहून घ्या. दिव्यांसाठी मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, सेकंदाला २४० चौकटींचा. चित्रफितीत उजेड धडधडताना दिसला तर दिवा लुकलुकतोय. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट विजेच्या वारंवारतेच्या दुपटीने लुकलुकतात, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा. स्वस्त एलईडी दिवे मंद केल्यावर हाच त्रास देतात. सगळ्यांनाच याचा जाच होतो असं नाही. ज्याला होतो त्याच्यासाठी मात्र वर्गातली पहिली सुधारणा दिवा बदलणं ही असू शकते.

बदल एका वेळी एकच करायचा आणि किमान पाच-सहा दिवस तसाच ठेवायचा. दिवा, जागा आणि वेळापत्रक एकाच दिवशी बदललं तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. शिवाय तीन नवे बदल एकदम, हाच मुलाला चौथा त्रास.

एक चूक वारंवार दिसते, ती आवाज अडवणाऱ्या हेडफोनची. गोंगाटात ते जरूर द्यावेत, मागितले की लगेच द्यावेत. पण शांत खोलीतही दिवसभर कानांवर राहिले तर साधे आवाजही जड वाटू लागण्याचा धोका असतो. आणि हेही ध्यानात ठेवा की संवेदना फक्त वाढलेल्याच असतात असं नाही. तेच मूल शिट्टीने कळवळतं आणि गुडघा सोलवटला तरी त्याला पत्ता नसतो.

सांजवेळ

दोन्ही प्रतिसाद जपून ठेवण्यासारखे. अंगावर दाब आला की शांत वाटतं म्हणतात, त्याबद्दल कुणी लिहाल का? वजनदार पांघरुणं सगळीकडे सुचवली जातात.

शांतकोपरा

सांजवेळ, दाबाची कल्पना ग्रँडिन यांना गुरांच्या खोड्यावरूनच सुचली. लस टोचताना गाईला दोन बाजूंच्या फळ्यांमध्ये धरतात आणि काही गाई त्यात शांत होतात, हे त्यांनी किशोरवयात मावशीच्या रँचवर पाहिलं आणि स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. व्हीच्या आकारात बसवलेल्या दोन गादीदार फळ्या, मध्ये ओणवं झोपायचं, आणि दाब कमी-जास्त करणारा दांडा आत झोपलेल्या माणसाच्याच हातात.

सगळं मर्म त्या दांड्यात आहे. दाब हळूहळू वाढावा, एकसारखा राहावा, हळूहळू सुटावा आणि कधी थांबायचं ते आतल्याने ठरवावं. खोड्यातही हाच नियम: फळी धाडकन आदळली की गाय उसळते, जास्त आवळली की धडपडते. 'मिठी मारली की शांत होतो' म्हणून मुलाला बळेच आवळून धरणं याच्या अगदी उलट आहे. पालथं दाबून धरणं तर जिवावर बेतू शकतं.

वजनदार पांघरुणाबद्दल: २०१४ मध्ये ५ ते १६ वयाच्या ऑटिस्टिक मुलांवर एक यादृच्छिक चाचणी झाली, वजनदार आणि साधं पांघरूण आलटूनपालटून. झोपेचा एकूण वेळ वाढला नाही, झोप लवकर लागली नाही, रात्रीचं उठणंही कमी झालं नाही. तरी मुलांना आणि पालकांना वजनदार पांघरूण जास्त आवडलं. म्हणून झोपेचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका. आवडतं म्हणून वापरायला हरकत नाही, पण मूल ते स्वतःच्या हाताने बाजूला करू शकत असेल तरच. लहान बाळांना अजिबात नको.

तर्कशुद्ध

आता तुलनेच्या हद्दीबद्दल. २००५ च्या सुमारास ग्रँडिन यांनी अशी मांडणी केली की प्राणी हे ऑटिस्टिक सॅव्हाँसारखे (एखाद्याच गोष्टीत असामान्य कौशल्य असलेल्या व्यक्तींसारखे) आहेत: दोघेही तपशील पाहतात, सामान्य माणूस सारांश पाहतो. २००८ मध्ये प्लॉस बायॉलॉजी या शोधपत्रिकेत जॉर्जो व्हॅलोर्तिगारा, ॲलन स्नायडर, निकोला क्लेटन, लेस्ली रॉजर्स आदींनी याला सविस्तर उत्तर दिलं. मला ते पटतं.

त्यांचा मुद्दा असा. नटक्रॅकर पक्षी हजारो बिया पुरतो आणि महिन्यांनंतर शोधून काढतो, हे त्या जातीच्या जगण्याशी घट्ट बांधलेलं कौशल्य आहे, त्या जातीच्या प्रत्येक पक्ष्यात असणारं. सॅव्हाँचं कौशल्य मोजक्या व्यक्तींत, वेगळ्याच वाटेने येतं. दोन्ही चकित करतात, एवढ्याने त्यांची मुळं एक ठरत नाहीत. शिवाय प्राणी फक्त तपशील पाहतात हेही खरं नाही. हर्नस्टाइन आणि लव्हलँड यांनी १९६४ मध्ये कबुतरांना फोटोत माणूस आहे की नाही हे ओळखायला शिकवलं आणि त्यांनी कधी न पाहिलेल्या फोटोंतही ते ओळखलं. हा वर्ग बनवण्याचा पुरावा आहे. क्लेटन आणि डिकिन्सन यांच्या १९९८ च्या प्रयोगात स्क्रब जे पक्ष्यांनी काय पुरलं, कुठे आणि केव्हा हे तिन्ही लक्षात ठेवलं. ४ तासांनी ते आवडत्या अळ्यांकडे गेले. १२४ तासांनी अळ्या खराब झालेल्या असतात हे शिकलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळले.

दुसऱ्या बाजूनेही तुलना लंगडी पडते. प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्ती चित्रांत विचार करत नाही. ग्रँडिन यांनीही नंतर आपली मांडणी सुधारली आणि चित्रांत, आकृतिबंधांत आणि शब्दांत विचार करणारे असे प्रकार मानले. चूक उघडपणे दुरुस्त करणं याला मी मोठं मानतो.

'दुसऱ्याचं मन ओळखणं' हा प्रश्न १९७८ मध्ये प्रीमॅक आणि वुडरफ यांनी आधी चिंपांझीबद्दल विचारला होता. १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी तो ऑटिझमकडे आणला. त्यांच्या चाचणीत एक बाहुली नसताना दुसरी तिची वस्तू हलवते, आणि पहिली परतल्यावर ती कुठे शोधेल असं मुलांना विचारतात. त्यात २० पैकी १६ ऑटिस्टिक मुलं चुकली. उरलेली ४ बरोबर आली, हे सांगायला लोक विसरतात. चाचणीला भाषा लागते, हेही. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी प्रश्न दोन्हीकडून विचारला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जात असेल, तर इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? न समजणं दोन्ही बाजूंचं आहे. गड्याला गाय हट्टी वाटते तेव्हाही न कळणारा गडीच असतो.

रानवाटा

तर्कशुद्ध, मिल्टन यांचा मुद्दा या धाग्याचा कणा आहे, आभार. मग एक प्रश्न: न बोलणाऱ्याच्या मनातलं 'ओळखलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते त्याचंच आहे, आपलं नाही, हे कसं तपासायचं?

तर्कशुद्ध

याचं उत्तर एका घोड्याने दिलेलं आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खुराने टकटक करून गणितं सोडवायचा. ऑस्कर पफुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर उत्तर येत नाही. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर व्हायचं, त्याच्याही नकळत. घोडा तेवढं पाहून थांबायचा. कुणीही फसवत नव्हतं.

हेच पुढे 'सहाय्यित संवाद' पद्धतीत घडलं, जिथे मदतनीस न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरून अक्षरं टंकायला मदत करतो. १९९३ च्या एका प्रयोगात १२ जणांना आणि त्यांच्या मदतनिसांना चित्रं दाखवली, कधी दोघांना तेच, कधी वेगवेगळं. चित्रं वेगळी होती तेव्हा टंकलेली उत्तरं मदतनिसाच्या चित्राची निघाली. हेतू चांगला होता म्हणून परिणाम सौम्य ठरला नाही. त्या माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द गेले आणि त्याचे स्वतःचे कुणी शोधलेच नाहीत.

तपासणी करायची तर अशी: रोजच्या वापरातल्या वस्तूंची २० चित्रं. मध्ये पडदा. कुणाला कोणतं चित्र हे तिसऱ्या माणसाने नाणं उडवून ठरवायचं आणि त्याने खोलीबाहेर थांबायचं. निम्म्या वेळा दोघांना सारखं, निम्म्या वेळा वेगळं. उत्तरं जशी आली तशी लिहायची, 'त्याला असं म्हणायचं असेल' हे जोडायचं नाही. व्यक्ती थकली की त्या दिवशी थांबायचं.

पर्याय आहेत आणि चांगले आहेत. चित्रफलक किंवा बोलणारा टॅबलेट स्टँडवर घट्ट बसवा, म्हणजे तो कुणाच्या हातात हलणार नाही. व्यक्तीच्या हाताला, कोपराला, खांद्याला कुणीही स्पर्श करू नये. सुरुवात दोन-चार शब्दांनी, त्यात 'नको' आणि 'थांब' पहिल्या दिवसापासून. विचारल्यावर निदान १० सेकंद गप्प राहा, कारण पाचव्या सेकंदाला परत विचारलं की बहुतेकांची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

गोठेवाला

शांतकोपरा यांच्या दुखण्याच्या मुद्द्याला जोड देतो. न बोलणाऱ्याचं दुखणं चेहऱ्यावरून मोजायची साधनं प्राण्यांसाठी आहेत. उंदरांसाठी २०१० मध्ये आली, घोड्यांसाठी २०१४ मध्ये. घोड्याच्या मापात सहा जागा पाहतात: मागे ताठलेले कान, आवळलेली पापणी, डोळ्यावरचा ताण, चावण्याच्या स्नायूंचा फुगवटा, घट्ट ओठ आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकाला ० ते २ गुण. घोडा शांत उभा असताना, खाताना नव्हे, दुरून पाहायचं. माणूस जवळ गेला की घोडा दुखणं लपवतो, ही नेहमीची गफलत.

शांतकोपरा

मुलांसाठीही असं माप आहे. न बोलणाऱ्या मुलांच्या वेदनांची ३० मुद्द्यांची तपासयादी, दोन तासांच्या निरीक्षणावर भरायची, प्रत्येक मुद्द्याला ० ते ३. बेरीज ७ किंवा जास्त आली तर दुखत असण्याची शक्यता धरून डॉक्टरांकडे जायचं. मूल बरं असतानाची एक यादी आधीच भरून ठेवा. ऑटिस्टिक मुलाचा वेदनेतला चेहरा अपेक्षेसारखा नसू शकतो. कुणी दुखताना हसतं, कुणी एकदम गप्प होतं. त्या मुलाचं नेहमीचं रूप माहीत नसेल तर यादी फसवते.

सांजवेळ

प्राण्यांबरोबरच्या सत्रांबद्दल मी लिहिते. या क्षेत्रात पुरावा हळूहळू जमतोय. २०१३ च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलं खेळण्यांपेक्षा गिनीपिग समोर असताना इतरांशी जास्त बोलली, जास्त हसली. २०१५ मध्ये ६ ते १६ वयोगटासाठी १० आठवड्यांच्या घोडेस्वारीची चाचणी झाली. तुलनेच्या गटालाही तबेल्यात नेलं, पण खऱ्या घोड्याऐवजी पूर्ण आकाराचा कापडी घोडा दिला. स्वारीच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली. तबेल्याचं वातावरण दोघांना सारखं होतं, म्हणून या चाचणीला वजन आहे.

कुत्र्याशी ओळख करून देण्याचा क्रम: आधी कुत्र्याच्या अंगावरचं फडकं मुलाच्या खोलीत, वासाची सवय व्हावी म्हणून. मग भुंकण्याचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात, आवाजाची कळ मुलाच्या हातात. मग तीन-चार मीटरवर, कुत्रा पडलेला, पट्ट्यात, आणि मुलाच्या पाठीशी उघडं दार. पहिली सत्रं पाच मिनिटांची. स्पर्शाची वेळ आली की बाजूने, छातीवर किंवा खांद्यावर, तीन सेकंद. हात मागे घ्यायचा. कुत्रा स्वतःहून जवळ सरकला तर पुन्हा, नाही सरकला तर आज एवढंच.

हे मोडतं ते बहुतेक मिठीमुळे. बऱ्याच कुत्र्यांना गळ्याभोवतीचे हात नकोसे असतात. ते जांभई देतात, ओठ चाटतात, तोंड फिरवतात, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतात, मग अंग ताठ करून गोठतात. मोठ्यांना वाटतं, 'किती शहाणा, हलतसुद्धा नाही.' गोठलेला कुत्रा दिसला की सत्र तिथेच थांबवायचं, मुलाला न रागावता. कुत्र्याची चटई खोलीच्या कोपऱ्यात हवी आणि तो चटईवर गेला की कुणीही त्याच्याकडे जायचं नाही. तसाच एक कोपरा मुलासाठी, तोच नियम. हा नियम चित्रांत काढून दोन्ही कोपऱ्यांवर लावा. बरीच मुलं कुत्र्याच्या चटईचा नियम आधी पाळू लागतात आणि मग स्वतःचा कोपरा वापरू लागतात.